तो बिचारा, ती चालू

संध्याकाळी सात वाजता आमच्याकडे टीव्ही लागतो आणि जेवणं उरकून भांडी पडेपर्यंत बंद होत नाही. मी शाळेत शिकवत होते तोवर मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. वह्या तपासायच्या निमित्तानं मी आतल्या खोलीत जाऊन बसायचे. निवृत्त झाले आणि ते निमित्त गेलं. घर सोलापुरात, बाळीवेशीजवळ, दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत सासूबाईंची कॉट आणि कॉटसमोर टीव्ही, त्यामुळे घरात कुठंही जायचं तर त्या पडद्यासमोरून जावं लागतं. सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. अव्वांचे गुडघे गेले आहेत, पण नजर शाबूत आहे.

ज्या मालिकेपायी माझं डोकं फिरलं तिचं नाव सांगत नाही. नाव बदललं तरी आतला माल तोच असतो. एक मोठं घर, त्यांचा मसाल्याचा कारखाना, एकुलता एक मुलगा आणि त्याची बायको. मुलगा कारखान्याची नवी शाखा काढायला परगावी जातो आणि तिथं एका नाच शिकवणाऱ्या बाईबरोबर संसार थाटतो. इकडे बायको सासू-सासऱ्यांचं करून एका शाळेत शिकवायला लागते. तिथले हेडमास्तर सज्जन गृहस्थ. बस चुकली की तिला आपल्या गाडीनं घरापाशी सोडतात. गोष्ट एवढीच, पण ती वर्षभर चालली.

बघायला आम्ही एवढे लोक असायचो. अव्वा कॉटवर. मी आणि माझी धाकटी जाऊ खाली, भाजी निवडत. जावेची मुलगी, बारावीला असलेली, पुस्तक मांडीवर घेऊन. खालच्या मजल्यावरची शेजारीण, कारण तिच्या घरी तिचा नवरा टीव्ही सोडत नाही. आणि माझे यजमान. ते मालिका बघत नाहीत, पेपर वाचतात. तोच पेपर त्यांनी सकाळीही वाचलेला असतो.

मी माहेरची बार्शीची, आमच्याकडे मराठीशिवाय दुसरी भाषा कानावर पडत नसे. सासरी कानडी आणि मराठी एकाच ताटात. लग्नानंतर नवीन असताना एकदा जिन्यात लंगडं कुत्रं आलं, तेव्हा अव्वा त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "पाप." मला कळेना, त्या मुक्या जनावरानं कसलं पाप केलं. मग कळलं की कानडीत पाप म्हणजे बिचारा. पुढं मला त्याची सवय झाली. पण या मालिकेच्या वेळी मी तो शब्द नव्यानं ऐकला. तो मुलगा त्या बाईच्या घरी खिडकीपाशी बसून आईच्या आठवणीनं डोळे पुसत होता, तर अव्वा कळवळून म्हणाल्या, "पाप." पाचच मिनिटांनी त्याची बायको हेडमास्तरांच्या गाडीत बसली. अव्वा पुन्हा म्हणाल्या, "पाप." या खेपेला मराठीतून. मी इकडे तिकडे बघितलं. आणखी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पेपराआडून यजमान म्हणाले, "ही बाई चालू आहे. मी पहिल्यापासून सांगतोय."

मी विचारलं, "आणि तो?"

"पुरुषाचा पाय घसरतो कधी कधी. येईल ठिकाणावर."

जाऊ गवारीच्या शेंगा मोडत होती. तिनं मान वर केली नाही. ती काय ऐकत होती ते मला माहीत होतं, आणि खोलीतल्या प्रत्येकालाच माहीत होतं.

कारण तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर, तीन-साडेतीन वर्षांपासून हुबळीला होता. तो चादरी-टॉवेलच्या एका व्यापाऱ्याकडे फिरतीवर असायचा. महिन्यातून आठ-पंधरा दिवस बाहेर, असं चाललेलं. मग बाहेरचे दिवस वाढत गेले, आणि एका दिवाळीनंतर तो आलाच नाही. तिथं शिलाईचं दुकान चालवणाऱ्या एका बाईच्या घरी तो राहतो, हे आमच्या कानावर त्या व्यापाऱ्याच्या माणसाकडून आलं. घरात त्यावर एकदाही उघड बोलणं झालं नाही. अव्वा कुणी विचारलं तर सांगायच्या, "हुबळीला बदली झाली त्याची." टॉवेलच्या फिरतीला बदली कसली, असं कुणी उलट विचारत नसे. यजमान दर सणाला त्याला फोन करायचे, तब्येतीची चौकशी करायचे, हवापाणी विचारायचे. ती बाई कोण, हे सख्ख्या भावानं सख्ख्या भावाला विचारलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं.

जाऊ श्रीपूरची. तिचे वडील तिथल्या साखर कारखान्यात नोकरीला होते. बोलणं गावाकडचं, अंगानं काटक, आणि रडताना मी तिला तोवर फक्त एकदा बघितलं होतं, तेही मोरीत नळ सोडून. नवरा परत येत नाही हे पक्कं झाल्यावर तिनं काम शोधलं. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना आहे, तिथं ती मशीनवर बसायला लागली. सकाळी स्वयंपाक करून जायची, दिवेलागणीला यायची. अव्वांनी सुरुवातीला तोंड वाकडं केलं, मग गप्प झाल्या, कारण पोरीला क्लासला पाठवायचं होतंच.

त्या कारखान्यात एक कटिंग मास्तर होते. तेलुगू बोलणारे, साळी समाजातले, पन्नाशी ओलांडलेले, बायको वारलेली. संध्याकाळची बस आली नाही की ते वाटेवरच्या बायकांना मोटरसायकलवरून चौकापर्यंत सोडायचे. कधी हिला, कधी दुसरीला. जावेनं हे घरी येऊन स्वतःच सांगितलेलं होतं. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही.

वाटायला लागलं ते मालिकेत हेडमास्तरांची गाडी आली तेव्हापासून. हे मी वाढवून सांगत नाही. एका संध्याकाळी जाहिराती लागल्या होत्या, जाऊ अजून कामावरून यायची होती, आणि शेजारीण आवाज खाली आणून म्हणाली की चौकात तिनं जावेला मोटरसायकलवरून उतरताना बघितलं. अव्वांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. जाहिरातींसाठी त्या कधी आवाज बारीक करत नाहीत.

"अशीच सुरुवात होते," शेजारीण म्हणाली आणि पडद्याकडे बोट दाखवलं. "बघताय की तुमी."

मी सांगितलं की मास्तर सगळ्याच बायकांना सोडतात, आणि ती स्वतः आम्हाला बोललेली आहे. त्यावर अव्वा म्हणाल्या, चोर आधी सांगून ठेवतो. जावेची मुलगी पुस्तकातून वर बघत होती. तिच्यासमोर हे चाललेलं. तिनं आजीला विचारलं की बाबा हुबळीला कुणाच्या गाडीवरून फिरतात, ते कुणी बघितलंय का. यजमानांनी पेपर खाली टाकला आणि तिला आत जायला सांगितलं. मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही, म्हणाले. ती गेली. मालिका पुन्हा सुरू झाली आणि अव्वांनी आवाज वाढवला.

जेवणं झाल्यावर यजमानांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाले, तू तिला समजावून सांग, लोक बघतात, आपलं नाव आहे. मी त्यांना विचारलं, "हुबळीला कुणाला समजावून सांगितलंत?"

ते म्हणाले, "ते वेगळं."

काय वेगळं, हे त्यांनी सांगितलं नाही. पाणी प्यायले आणि गेले. बत्तीस वर्षं मी ज्या माणसाच्या डब्यात शेंगाचटणी आठवणीनं भरली, त्याच्याकडे बघून मला त्या रात्री शिसारी आली. तसे ते चांगले आहेत. कुणाचं वाईट करत नाहीत, दारू नाही, बाहेरचं काही नाही. म्हणूनच जास्त किळस वाटली. वाईट माणसाच्या तोंडी ते वाक्य मी सोडून दिलं असतं.

जावेला मी काही बोलले नाही. बोलायची गरजही पडली नाही. तिच्या मुलीनं तिला सगळं सांगितलं असावं, कारण दुसऱ्या आठवड्यापासून ती मोटरसायकलवर बसेनाशी झाली. बस नसली की चालत यायची. एप्रिलचे दिवस होते. सोलापूरचं एप्रिलचं ऊन ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. संध्याकाळी सहा वाजताही डांबर चपलेला चिकटतं. मी तिला म्हटलं, रिक्षानं ये. ती म्हणाली, "रिक्षावाला बी बाप्याच असतोय की, अक्का." हसून म्हणाली.

मे उजाडायच्या आतच ती पडली. शनिवार होता, कारखाना दुपारी सुटलेला. भर दोनच्या उन्हात ती निघाली आणि पाण्याच्या टाकीपाशी चक्कर येऊन कोसळली. मागून येणाऱ्या मास्तरांनी बघितलं, रिक्षा थांबवली, तिच्याबरोबरच्या एका बाईला आत बसवलं आणि जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथून त्यांनी आम्हाला फोन केला.

आम्ही पोचलो तेव्हा तिला सलाइन लावलेलं होतं. ओठांना भेगा पडलेल्या, चेहरा तांब्यासारखा. मास्तर दाराशी उभे होते, हातात तिची पिशवी आणि एका पायातली चप्पल. दुसरी चप्पल वाटेत पडली, म्हणाले, आणि त्याबद्दल माफी मागितल्यासारखे बोलले. यजमानांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो असा: "तुम्ही कोण?"

त्यांनी नाव सांगितलं, काम सांगितलं.

"मग तुम्ही कशाला आलात? नुसता फोन करायचा."

पिशवी आणि चप्पल मास्तरांनी माझ्या हातात दिली आणि जिना उतरून गेले. एवढ्या उन्हात त्या माणसाला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं असं वाटेपर्यंत ते रस्ता ओलांडून गेले होते. आत जाऊ डोळे मिटून पडली होती, पण पडद्यापलीकडचं सगळं तिला ऐकू आलेलं असणार. तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात उतरत होतं.

चार दिवसांनी ती घरी कॉटपाशी अंथरुणावर पडलेली असताना मालिकेत हेडमास्तरांचा भाग चालू होता. नायिकेच्या चारित्र्यावर गावात बोभाटा झाला होता, आणि तो खोटा आहे हे सिद्ध करायला ती अनवाणी डोंगरावरच्या देवळाला निघाली होती. पायांतून रक्त येत होतं आणि मागं संगीत. अव्वा म्हणाल्या, "आता खरं कळेल." माझी जाऊ भिंतीकडे तोंड करून झोपली होती, तिच्या डांबरावर पोळलेल्या तळपायांना मी कोरफडीचा गर लावत होते, आणि अव्वा पडद्यावरच्या पायांकडे बघून डोळे पुसत होत्या.

मी या मालिका लिहिणाऱ्या लोकांविषयी पुष्कळ विचार केला आहे. ते अडाणी नसणार. चांगले शिकलेले असतील, त्यांच्या घरच्या बायका नोकऱ्या करत असतील. त्यांना हे कळत नाही असं मी मानत नाही. त्यांना कळतं की आमच्यासारख्या घरांतून संध्याकाळी काय खपतं, आणि ते तेच तळून देतात. त्या नायकाचं तर त्यांनी फारच सोयीचं करून टाकलं. तो परत यायची वेळ झाली तेव्हा कळलं की नाचाच्या बाईनं त्याला रोज कसलासा काढा पाजला होता, त्यामुळे त्याची बुद्धी फिरली होती. म्हणजे त्यानं काही केलंच नव्हतं. दोन वर्षं एका बाईच्या घरी राहिला, पण दोष काढ्याचा. आणि त्याची बायको पाच मिनिटं गाडीत बसली, तर तिला डोंगर चढावा लागला.

त्याच्या परतण्याचा भाग एका रविवारी दोन तासांचा दाखवला. शेजारीण घरून चिवडा घेऊन आली. बंगल्याच्या दारात फुलांच्या पायघड्या, आई रडते आहे, वडील मिठी मारताहेत, आणि बायको हिरवी साडी नेसून ताट घेऊन उभी. तिनं त्याला ओवाळलं, भाकरतुकडा उतरवून टाकला आणि खाली वाकून त्याच्या पायावर डोकं ठेवलं. त्यानं तिला उठवलं आणि म्हणाला की मी तुला माफ केलं. मी नीट ऐकलं ना म्हणून जावेच्या मुलीकडे बघितलं. तिनंही तेच ऐकलं होतं. अव्वा हुंदके देत होत्या. मी उठून मोरीत गेले आणि उगाचच तोंड धुतलं.

दसऱ्याच्या आसपास हुबळीहून फोन आला. तिथं काय बिनसलं ते मला नीट कळलं नाही. दीर आजारी होता, व्यापाऱ्यानं काम काढून घेतलं होतं, आणि त्या बाईच्या भावानं त्याला घराबाहेर काढलं, असं तुटक तुटक कानावर आलं. अव्वांच्या बोलण्यात मात्र दोनच दिवसांत निराळी गोष्ट तयार झाली. "काहीतरी खायला घातलं होतं त्याला त्या बाईनं," त्या शेजारणीला सांगत होत्या. "माझं पोरगं असं नव्हतं." शेजारीण मान हलवत होती. दोघींनाही ते मनापासून पटलेलं होतं.

दीर रविवारी सकाळी येणार होता. त्या दिवशी नळाला पाणी यायचा दिवस होता, आम्ही पहाटेपासून भांडी भरत होतो. अव्वांनी कॉटवरून एकेक सांगायला सुरुवात केली. उंबऱ्याबाहेर रांगोळी काढ. निरांजन घास. भाकरी टाक, तुकडा ओवाळायला लागेल. मग जावेला म्हणाल्या की हिरवी साडी नेस. हिरवीच का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज नव्हती. जावेकडे एकच हिरवी साडी होती, पोरीच्या बारशाची. ती मुकाट्यानं नेसली. मला वाटलं, ती आता हे सगळं करणार. मी तिला दोष दिला नसता. कामावरचा पगार एवढासा, मुलगी लग्नाच्या वयाकडे निघालेली, माहेरी आता भाऊ-भावजय.

जिन्यात पावलं वाजली. यजमान स्टेशनवरून त्याला घेऊन आले होते. दीर वाळला होता, केस पिकले होते, पण शर्ट इस्त्रीचा. शेजारीण आणि तिच्या सुना खालच्या पायऱ्यांवर येऊन उभ्या. अव्वा आतून ओरडून म्हणाल्या, "बारप्पा, बा." ये रे बाबा, ये. जाऊ ताट घेऊन उंबऱ्यापाशी आली. निरांजन पेटलेलं होतं. दीर तिच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "काय, आज मास्तर नाही आला सोडायला?"

चेष्टेनं म्हणाला. यजमानांच्या तोंडावर बारीकसं हसू आलं आणि त्यांनी ते लगेच आवरलं, पण मी बघितलं. फोनवर हवापाण्याबरोबर आणखी काय काय हुबळीला जात होतं, ते मला त्या क्षणी समजलं.

जावेनं ताट शेजारच्या चपलांच्या स्टँडवर ठेवलं. घाई केली नाही, निरांजन विझू नये म्हणून हाताचा आडोसा धरून ठेवलं.

"मी न्हाय ओवाळणार," ती म्हणाली. "तुमी तितं कुनासंगं ऱ्हायला, मी एका शब्दानं इचारलं न्हाय. आनि तुमी उंबऱ्याच्या भाईरनं मलाच इचारताय व्हय?"

आतून अव्वा विचारत होत्या, ओवाळलं का.

"या आत," ती नवऱ्याला म्हणाली. "घर तुमचं हाय. मी न्हाय ऱ्हानार हितं."

ती बाजूला झाली. अव्वांनी मला हाक मारली, तू तरी ओवाळ, असं दारात उभं करू नको त्याला. मी म्हटलं, माझ्याच्यानं होणार नाही. हे मी अव्वांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. शेवटी यजमानांनीच ताट उचललं. त्यांना काही जमत नव्हतं. भाकरीचा तुकडा त्यांनी भावाच्या डोक्याभोवती फिरवला आणि कुठं टाकायचा ते न कळून जिन्यातच टाकला. तेल सांडलं. दीर आत येऊन अव्वांच्या कॉटवर बसला आणि अव्वांनी त्याचं डोकं कुशीत घेतलं. "पाप," त्या म्हणाल्या, "किती वाळला."

त्याच आठवड्यात जावेनं एमआयडीसीजवळ एक खोली बघितली. मुलगी तिच्याबरोबर गेली. मी स्वयंपाकघरातला तवा, पोळपाट आणि दोन पातेली रिक्षात घालून पोचवायला गेले. कुणी मला अडवलं नाही, पण यजमान दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. खोली पत्र्याची, पण पुढं लिंबाचं झाड होतं. आम्ही दोघींनी फरशी धुतली. मग चहा घेताना ती म्हणाली की मास्तर दुसऱ्या कारखान्यात गेले. त्यांच्या लेकीच्या सासरपर्यंत कुणीतरी बोलणं पोचवलं होतं आणि त्यांना ते सोसलं नाही. जाताना त्यांनी तिची भेटसुद्धा घेतली नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्यात काही नव्हतं, हे लोकांना कोण सांगणार?"

ती चहा फुंकत होती. थांबली. "न्हवतं, अक्का. तसं कायबी न्हवतं." कप खाली ठेवून म्हणाली, "पन आसतं तर?"

इतके महिने मी सगळ्यांपुढं तिची बाजू घेत होते, ती एकाच बळावर की ती निर्दोष आहे. ती अनवाणी डोंगर चढून आली आहे, या थाटात. त्या मालिकेवाल्यांना मी शिव्या देत होते आणि माझं मापही त्यांच्याच दुकानातलं होतं. आसतं तर? चार वर्षं नवरा दुसरीकडे नांदत असताना एका विधुर माणसाविषयी तिला काही वाटलं असतं, तर माझ्या तोंडून काय निघालं असतं, मला खात्री नाही. मी कप विसळून ठेवले.

घरी आता टीव्हीसमोर दीर बसतो. त्याला पथ्याचं खाणं, वेळच्या वेळी गोळ्या. अव्वांचा जीव त्याच्यात अडकलेला. नवीन मालिका लागली आहे. तिच्यातही एक बिचारा आहे. मी संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसते, डास फोडून काढतात, तरी बसते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना अव्वा सांगतात की धाकट्या सुनेनं भरलं घर मोडलं. लोक मान डोलावतात. दिरानं काय मोडलं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही, इतकं ते सोपं आहे तरी.

तुळशीचं लग्न झाल्यावर यजमानांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. मंगल कार्यालयात सगळे नातेवाईक. जावेलाही पत्रिका गेली होती, आणि ती आली, मुलीला घेऊन, साधी निळी साडी नेसून. पुढच्या खुर्च्यांवर पुरुषमंडळी बसली होती. यजमानांच्या चुलतभावानं दिराला हाताला धरून पुढं नेलं, टॉवेल-टोपी दिली, पाठीवर थोपटलं. किती दिवसांनी आलास, म्हणाला. कुठून आला हे सगळ्यांना माहीत होतं.

बायकांमध्ये हळदीकुंकू फिरत होतं. करंडा घेतलेली बाई आमच्या रांगेत आली. मला लावलं, माझ्या पलीकडच्या बाईला लावलं. मध्ये जाऊ बसली होती. तिच्यापाशी हात थबकला आणि पुढं गेला. नवरा वीस पावलांवर टोपी घालून बसलेला, जिवंत, हसत, आणि हिच्या कपाळाला कुंकू नाही. मी त्या बाईचा हात धरला. तोंडात शब्द गोळा झाले होते, वाईट होते, आणि मी ते बोलणार होते.

जावेनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "पंगत बसायलीय. पोरगी सकाळपासनं उपाशी हाय."

आम्ही तिघी उठलो आणि पहिल्याच पंगतीत जाऊन बसलो, पुरुषांच्या शेजारच्या रांगेत, जिथं बायका सहसा बसत नाहीत. वाढपी घुटमळला, मग वाढायला लागला. शेंगापोळी चांगली झाली होती. जावेनं एक संपवली आणि दुसरी मागितली, वर तूप जास्त घाल म्हणाली. समोरून दीर बघत होता. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं, जसं ओळख नसलेल्या माणसाकडे बघतात, आणि मुलीच्या पानावर आपल्यातली अर्धी पोळी ठेवली.